बयच्या डोक्यावरची पाटी पाहुण्यांसमोर सांगावी का?

घणसोलीच्या मुली,

तुझ्या बयच्या, म्हणजे आजीच्या, वर्षश्राद्धाला तिच्याबद्दल चार शब्द तू बोलायचेस, असं घरात ठरलं. बय मिठागरात राबायची, असं तू लिहिलंस आणि बाबांनी तेवढंच वाक्य खोडलं. "आता आपली इमारत आहे, डोक्यावर पाटी होती हे पाहुण्यांना कशाला सांगायचं?" उरलं ते एवढंच, की बय कष्टाळू होती, मायाळू होती. हे तर कुणाच्याही आजीबद्दल बोलता येईल, म्हणतेस. बाबांचं मन मोडू की बय अर्धीच सांगू, हा तुझा प्रश्न.

ते वाक्य परत लिही. नुसतं वाक्य नको, काम लिही. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग घालायचे आणि ते पाट्यांतून डोक्यावरून वाहायचं. खाऱ्या पाण्यानं पायांना भेगा पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगा घेऊन पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरायचं. पाऊस लागला की मीठ थांबायचं आणि भाताची लावणी सुरू व्हायची. बयला विश्रांती कधी मिळत असेल, मला तरी दिसत नाही.

1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी संपादनात घेतल्या गेल्या. तुमचंही शेत गेलं, मग बय मासळी घेऊन बाजारात बसली, असं तू लिहितेस. तुमची इमारत साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याइतक्या परत मिळालेल्या, भूखंडावर आहे ना? तो भूखंड त्याच शेताच्या बदल्यात मिळाला, ज्यात बय लावणीला वाकायची. पाटी लपवून इमारत सांगता येत नाही, हे बाबांना नीट समजाव. पण त्यांच्यावर चिडू नकोस. आई पाटी वाहते म्हणून लहानपणी त्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल, ते आपल्याला ठाऊक नाही.

मुलांनी बयला घरात पाहिलं, आगरात तिला पाहिलं ते शेजारणींनी. तिच्या वयाच्या ज्या कुणी गावात आहेत, त्यांच्याकडे जा. साल विचारू नकोस. सिडकोची मोजणी आली तेव्हा, जानेवारी 1984 मध्ये जासईला जमिनींसाठीच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा, 1992 मध्ये वाशीला लोकल आली तेव्हा बय काय करत होती, असं विचार. म्हाताऱ्या बायका मग थांबत नाहीत.

आणि बय लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणायची, हे तू ओझरतं लिहून पुढे गेलीस! अगं, आगरी लग्नात ती गाणाऱ्या धवलारणीचा मान केवढा! बयसोबत गाणारी कुणी असेल तर आधी तिच्याकडे जा आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. बाकी सगळं नंतर.

बयच्या रागाचंही विचारलंस. एक वाक्य जरूर असू दे, पण आधी आईला वाचून दाखव. तो राग तिनं सोसलाय.

पान पूर्ण झालं की पाहुणे यायच्या आधी बाबांना एकट्याला गाठ. वाचण्याआधी एवढंच विचार, की मिठागरातून घरी आल्यावर बय सगळ्यात आधी काय करायची? ते बोलायला लागले तर मध्ये बोलू नकोस आणि जे सांगतील ते त्याच पानावर लिहून घे.

तुझी,
मावशी