तुमचे प्रश्न : सलग १५१ मॅच जिंकणारे कोच

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत हायस्कूलला आहे, त्याच्याकडून कळलं की तिथे एका शाळेची फुटबॉल टीम १२ वर्षं एकही मॅच हरली नाही. हे खरंच शक्य आहे का? आणि एवढा यशस्वी कोच शाळेतच का राहिला, पुढे एखाद्या कॉलेजच्या टीमचा कोच का झाला नाही?

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय ताई. शाळा कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डची डे ला साल, आणि कोच बॉब लॅडसर. (फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही हां, हेल्मेट घालून अंड्यासारखा बॉल घेऊन पळायचा तो.) १९७९ मध्ये ते तिथे आले तेव्हा वय २५, आणि तोवर त्या टीमने हरलेल्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्यात असा एकही सीझन शाळेने पाहिला नव्हता. तिथून सुरुवात. मग १९९२ ते २००३ सलग १५१ विजय. आधीचा देशातला रेकॉर्ड ७२ चा होता, यावरून काय ते समजा.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेगळीच. शाळेतला पोरगा जास्तीत जास्त चार वर्षं खेळतो आणि पास होऊन निघून जातो, म्हणजे २००३ ला जी मुलं मैदानात होती ती स्ट्रीक (सलग विजयांची मालिका) सुरू झाली तेव्हा पहिली-दुसरीत असतील, आणि दर वर्षी नवीन पोरं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं उभं करायचं. प्रायव्हेट शाळा आहे, लांबून लांबून चांगले खेळाडू येतात असा आक्षेप लोक घेतात, त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण नुसत्या चांगल्या पोरांवर १२ वर्षं निघत नाहीत.

मग काय केलं त्यांनी? जानेवारीतच, म्हणजे सीझनला कितीतरी महिने असताना, वेट ट्रेनिंग सुरू. डावपेच जुनेच, व्हीअर नावाचा. समोरच्या टीमच्या एका खेळाडूला मुद्दाम कोणी अडवायचं नाही, मोकळा सोडायचा, आणि क्वार्टरबॅकने (बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो तो खेळाडू) पळता पळता त्याच्याकडे बघून ठरवायचं, तो इकडे आला तर बॉल स्वतःकडे ठेवायचा, तिकडे गेला तर शेजारच्याला द्यायचा. अर्ध्या सेकंदाचा खेळ, म्हणून तेच तेच हजारदा घोटायचं.

पण खरी गोष्ट मॅचच्या आदल्या रात्रीची. टीम एकत्र जेवायची आणि प्रत्येक मुलगा एक कार्ड लिहायचा, त्यावर आपलं ध्येय, उद्या मी अमुक करीन, आणि ते कार्ड कोचला नाही तर टीममधल्या मित्राच्या हातात द्यायचं, सगळ्यांसमोर उभं राहून वाचून. १६-१७ वर्षांचा पोरगा दुसऱ्या पोराला शब्द देतोय, विचार करा! दुसऱ्या दिवशी दम संपत आला की समोर कोच नसतो, तो मित्र असतो. सरांचं सगळं कोचिंग मला तरी यातच दिसतं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही थोडंफार इथेच आहे. ते शाळेत धर्म हा विषय शिकवायचे, वर्गात आणि मैदानात मुलं तीच. कॉलेजचा कोच म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू गोळा करायचे, त्यात हे कुठे बसणार?

आणि हरले का कधी, तर हो. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांचा नुकताच पास झालेला एक खेळाडू, कॉलेजला निघायच्या तोंडावर, गोळीबारात गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ सप्टेंबरला, सिएटलमध्ये बेलव्ह्यू नावाच्या टीमने त्यांना ३९-२० असं हरवलं आणि स्ट्रीक संपली. त्या वर्षी आणखीही मॅच हरले. मी त्या पोरांचा विचार करते तेव्हा पोटात कालवतं, आधी मित्र गेला आणि वर १२ वर्षांचं ओझं त्यांच्याच खांद्यावर तुटलं. सर मात्र तिथेच राहिले, अजून आठ सीझन.

२०१२ चा सीझन संपल्यावर त्यांनी हेड कोचपद सोडलं, ३४ वर्षांनी. जिंकलेल्या मॅच ३९९, हरलेल्या २५, बरोबरीच्या ३. चारशेला फक्त एक कमी! अजून एक मॅच घेतली असती तर आकडा झाला असता, पण नाही घेतली, आपल्याच हाताखाली तयार झालेल्या माजी खेळाडूकडे टीम सोपवली आणि पुढच्या सीझनला स्वतः त्याचे असिस्टंट म्हणून मैदानात हजर.