२०० लिटरच्या रीफ टँकला चुन्याची निवळी किती आणि कशी द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोवळ्यांचा खाऱ्या पाण्याचा (रीफ) टँक, सम्पसकट (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीसकट) २०० लिटर पाणी, रोज साधारण ३ लिटर उडून जातं, केएच (पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल रिचवण्याची ताकद, मोजायचा आकडा) दिवसाला ०.८ ने उतरतो. म्हणून ५ ग्रॅम चुना पाण्यात कालवून सम्पमध्ये ओतलात, तर पाणी दुधासारखं झालं आणि दोन दिवसांनी केएच ८ वरून ६.८ वर आलेला दिसला. चुना घालूनही केएच उतरतो कसा, आणि पुढे डोस कसा ठरवायचा?

केएच उतरला तो चुना एकदम पडल्यामुळे. चुन्यातला हायड्रॉक्साइड पाण्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट करतो. डोस थेंबाथेंबाने गेला, तर हवेतून येणारा कार्बन डायऑक्साइड ते कार्बोनेट परत बायकार्बोनेटवर आणतो आणि पीएच सांभाळला जातो. ५ ग्रॅम चुना म्हणजे ३ लिटर संपृक्त निवळी (चुना विरघळून वर राहिलेलं नितळ पाणी). दिवसभरात उडणाऱ्या ३ लिटरच्या जागी थेंबाथेंबाने द्यायचं ते तुम्ही एका मिनिटात दिलंत. एवढ्याने २०० लिटर पाण्याचा पीएच ०.७ किंवा त्याहून जास्त उडी मारतो, कार्बोनेट भसकन वाढतं आणि कॅल्शियमला धरून खाली बसतं. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ व्हायची, ते दूध आणि तुमच्या टँकमधलं दूध एकच: कॅल्शियम कार्बोनेट. त्यात तुम्ही निवळी न देता कालवण ओतलंत. न विरघळलेला प्रत्येक कण नव्या स्फटिकासाठी बी ठरतो, त्यामुळे टाकलेल्या चुन्यासोबत टँकमधली आधीची अल्कलिनिटीही साक्यात गेली. या प्रकारात केएच २.८ उतरतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने उतरतं, म्हणून कॅल्शियमच्या चाचणीत काही बिघडल्याचं कळतच नाही.

आता केएच कमी दिसतोय म्हणून आणखी चुना टाकू नका. याच चक्रात सापडून टँक आठवडाभर पांढरे राहतात. पाणी पूर्ण नितळ होऊ द्या. गढूळ पाण्याची केएच चाचणी खोटी येते, कारण चाचणीतलं आम्ल तरंगणारे कणही विरघळवतं आणि आकडा जास्त दाखवतं. मग कमी भरेल तेवढा केएच खाण्याच्या सोड्याने वर आणा. २०० लिटरला १ केएच वाढवायला ६ ग्रॅम सोडा लागतो. तुम्हाला ७ ग्रॅम पुरेल. आरओ पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून द्या. निवळीचं काम आहे ती पातळी टिकवणं. ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी पोवळी ज्या प्रमाणात वापरतात जवळपास त्याच प्रमाणात देते, त्यामुळे दोन्हींतला जुना असमतोल तिने सुटत नाही. कॅल्शियम एकटंच कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड वेगळं द्यावं लागतं.

डोस ठरतो तो टँकच्या खपावरून. चार दिवस काहीही न देता रोज एकाच वेळी केएच मोजा आणि एकूण घटीला दिवसांनी भागा. एका दिवसाच्या फरकावर भरवसा ठेवू नका, किटची चूकच तेवढी असते. संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी आणि ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे २०० लिटरमध्ये एक लिटर निवळीने साधारण ०.५६ केएच आणि ४ पीपीएम कॅल्शियम मिळतं. ०.८ चा खप भरायला १.४ लिटर. सुरुवात निम्म्याने करा, रोज ७०० मिली. तीन-चार दिवसांनी केएच पाहून १०० मिलीने वाढवत न्या.

निवळी करायला १० लिटर आरओ-डीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), झाकणाचा फूड-ग्रेड प्लास्टिकचा डबा आणि २० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. बांधकामाचा किंवा रंगाचा चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. कळीचा चुनाही नको, तो पाण्यात पडताच उकळतो. लिटरमागे जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. थोडा साका दिसला म्हणजे वरचं पाणी संपृक्त आहे. साखरेच्या उलट, चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून पाणी तापवून काही साधत नाही. एक-दोन मिनिटं ढवळा, झाकण लावा, रात्रभर तसंच ठेवा. एअरस्टोन अजिबात नको. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी डब्यातच निकामी होते.

सकाळी डब्यात तीन थर दिसतील: तळाशी पांढरा साका, मध्ये काचेसारखं पाणी आणि वर बर्फाच्या पापुद्र्यासारखी पातळ साय. साय मोडू नका, तिच्यामुळे खालचं पाणी हवेपासून वाचतं. चुन्यातली बरीच अशुद्धी साक्यात अडकते, म्हणून नळीचं तोंड तळापासून ४-५ सेंटीमीटर वर बांधा आणि तळ खरवडेपर्यंत उपसू नका. निवळीचा कस पाहायचा असेल तर कंडक्टिव्हिटी मीटर लावा. २५ अंशांना ताजी निवळी १० मिलिसीमेन्सच्या आसपास दाखवते. ७-८ वर आली की बदला.

डोस रात्री द्या. दिवे बंद असताना पीएच सगळ्यात खाली असतो आणि निवळी त्याला हात देते. ७०० मिली दहा तासांत म्हणजे मिनिटाला सुमारे २३ थेंब. डोसिंग पंप असेल तर दर पंधरा मिनिटांनी १७-१८ मिली. नळी सम्पमधल्या जोरदार प्रवाहावर सोडा, पण रिटर्न पंपाच्या (सम्पमधलं पाणी टँकमध्ये परत चढवणाऱ्या) तोंडाशी आणि हीटरजवळ नको, तिथे दगडी पुटं चढतात. तोंड पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर पंप थांबला तरी सायफनने डबा रिकामा होईल. टोकाशी खडूसारखी गाठ जमते; ती दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवून काढा.

माझं ठाम मत: निवळी ऑटो टॉप-ऑफच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेच्या) डब्यात भरू नका. फ्लोट स्विचवर एखादी गोगलगाय बसली आणि पंप चालूच राहिला, तर साध्या पाण्याने फक्त क्षारता (खारेपणा) उतरते. निवळीने सगळा टँक जातो. निवळीचा पंप वेगळा, हळू चालणारा ठेवा आणि टॉप-ऑफमध्ये साधं आरओ. सेन्सर पातळीच पाहतो, त्यामुळे निवळीने जेवढं पाणी भरलं तेवढं टॉप-ऑफ आपोआप कमी देतं आणि क्षारता ढळत नाही.

पीएच प्रोब ७ आणि १० च्या बफरने जुळवून डोसच्या जागेपासून दूर लावा. ८.४५ ला निवळीचा पंप बंद पडेल असं कंट्रोलरवर लावता आलं तर उत्तम. पाणी पुन्हा पांढरं झालंच, तर डोस थांबवा आणि पीएच पाहा. ८.५ च्या आत असेल तर हात लावू नका, दिवसभरात निवळेल. ८.७ च्या वर असेल तर कसलाही स्वाद नसलेलं सोडा वॉटर द्या, १०० लिटरला सुमारे १६० मिली. त्याने पीएच ०.३ च्या आसपास खाली येतो. वेगवान प्रवाहात सावकाश ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

मॅग्नेशियमही तपासा. निवळीतून ते मिळत नाही, आणि १२५० पीपीएमच्या खाली गेलं की कार्बोनेट लवकर खाली बसतं; मग बरोबर डोस देऊनही हीटरवर पांढरं पुट चढत राहतं.

हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. निवळीचा पीएच १२.४ असतो आणि डोळ्यात गेलेली भुकटी फार नुकसान करते. तसं झालं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

तुमच्या ३ लिटर बाष्पीभवनात दिवसाला १.७ केएचपर्यंतचा खप निवळीवर भागतो. पोवळी वाढून खप त्याच्या वर गेला, तर पाण्यावर छोटा पंखा लावून बाष्पीभवन वाढवता येतं. तेही पुरेनासं झालं की निवळी आहे तशी चालू ठेवून वरची तूट टू-पार्टने (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या दोन वेगळ्या द्रावणांनी) भरा.