वडिलांना डिमेन्शिया आहे, हे घरच्यांना सोप्या मराठीत कसं सांगू? आणि त्यांना स्वतःला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की फाइलवर ‘व्हॅस्क्युलर डिमेन्शिया’ आहे आणि ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं की आई रडायला लागते. आमच्या घरात हे होऊन गेलंय, म्हणून सांगतो.

आमचे आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गावाकडच्या आत्यानं फोनवर ‘निमोनिया’ ऐकलं, वर ‘पोरांना लांब ठेवा’ म्हणाली. मग मी ‘स्मृतिभ्रंश’ सांगून पाहिलं. शब्द चुकीचा नाही, पण ‘भ्रंश’ आला की लोकांना ‘भ्रमिष्ट’ आठवतं. शेजारी दबक्या आवाजात चौकशी करायला लागले. बरं, नुसतं ‘विसरतात’ म्हणावं तर ‘साठी बुद्धी नाठी, चालायचंच’ म्हणून औषधांकडे दुर्लक्ष.

शेवटी नाव सोडलं आणि काय होतंय तेवढंच सांगायला लागलो: ‘मेंदूच्या बारीक नसांतून रक्त नीट पोचत नाही, म्हणून विसर पडतो.’ बीपी आणि साखरेनं नसा खराब होतात, हे आईला ठाऊकच. तिनं त्याच दिवशी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. तुमच्या वडिलांचा प्रकार हाच, तेव्हा हेच वाक्य वापरा. अल्झायमर असता तर ‘मेंदू हळूहळू झिजतोय’ म्हटलं असतं. आमच्या गल्लीत निम्म्यांचे गुडघे झिजलेत, झीज म्हटलं की कुणी लाजत नाही.

ही लाज फक्त आपल्याकडची नाही. जपानमधल्या जुन्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारनं तो बदलून ‘आकलनाचा आजार’ अशा अर्थाचा शब्द आणला.

आपला एक जुना शब्द मात्र टाकू नका: वात. आण्णांना लघवीचं इन्फेक्शन झालं आणि एका रात्रीत ते भिंतीशी बोलायला लागले. मला वाटलं, आजारच वाढला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, वात झालाय त्यांना, दवाखान्यात ने.” डॉक्टर यालाच डिलिरियम म्हणतात. तो तासा-दिवसांत चढतो, आणि मूळ दुखण्यावर उपचार झाले की बहुतेक वेळा उतरतो. तुमच्याकडेही काही एकदम बिघडलं तर सकाळची वाट बघू नका, स्ट्रोकसुद्धा असू शकतो.

फाइलवरचं इंग्रजी नाव आहे तसंच राहू द्या, दुसऱ्या डॉक्टरांना तेच लागतं. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर विचारा, त्यांच्यामुळंही विसर पडतो.

राहिला वडिलांचा प्रश्न. आण्णांना मी ते नसांचं वाक्य सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातात हळकुंड होतं. सगळं ऐकून घेतलं. मग हळकुंड कुडकन मोडलं, आतला रंग उजेडात बघितला, “राजापुरी. वाळलीय चांगली,” म्हणाले. आणि समोर रिकामा कप असताना विचारलं, “माझा चहा झाला का रे?”

मी म्हटलं, “झाला, पण अजून अर्धा घेऊ.”