‘ते दोघं नुसते मित्र नाहीत’: एका वहीवरून सुरू झालेलं समुपदेशन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईनं पिशवीतून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. मुलगी सोळा वर्षांची, मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून आता पहिल्या पीयूसीला, म्हणजे अकरावीला.

“मॅडम, बघा की ही वही. दोन पोरं हायत, कसल्याशा जपानी कार्टूनमधली. दोस्त हायत म्हणे. आणि हिनं पानंच्या पानं लिवलंय, त्यांचं एकमेकांवर प्रेम हाय, फक्त सांगत न्हाईत म्हणून.” मग आवाज खाली आला. “तिला पोरींबद्दल तसं वाटतं काय?”

हे प्रकरण दोन-तीन प्रकरणांचे धागे एकत्र करून लिहिलं आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. काळजी मात्र जशी आली तशीच ठेवली आहे, कारण ती पुष्कळ घरांत आहे.

वही उघडली नाही. आईनं ती मुलीच्या गादीखालून न विचारता आणली होती, आणि मुलीशी बोलण्याआधी आपण ती वाचली असती तर पुढच्या सगळ्या बैठका तिथंच संपल्या असत्या. वही बंदच मुलीच्या हातात दिली. पहिली वीस मिनिटं आईशी एकटीशी, नंतरची तीस मुलीशी एकटीशी असं ठरलं. गुप्ततेच्या मर्यादा दोघींना समोरासमोर सांगितल्या: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार. ही तिसरी गोष्ट कळली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवावीच लागते. बाकी काहीही आईपर्यंत जाणार नाही, हे आईच्या देखत सांगणं महत्त्वाचं असतं. मागाहून सांगितलं तर मुलांचा विश्वास बसत नाही.

आईला आधी हे सांगितलं की मुलगी जे करते त्याला नाव आहे आणि ते करणारे जगभर आहेत. कथेतल्या दोन पात्रांची जोडी मनात जमवणं म्हणजे ‘शिप’ करणं. त्यांच्यावर स्वतः कथा लिहिली की ती फॅनफिक, आणि लपलेल्या प्रेमाचे पुरावे गोळा करून मांडले की ती फॅन थिअरी. दोन मुलग्यांच्या प्रेमकथा वाचणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत मुली खूप आहेत. त्यावरून वाचणारीला स्वतःला कुणाबद्दल काय वाटतं हे कळत नाही. खुनाच्या गोष्टी आवडणारा माणूस खुनी नसतो, इतकं हे सरळ आहे.

मग जिवलग मित्रच का? कारण लेखकानं सगळा जीव तिथंच ओतलेला असतो. मित्रासाठी मार खाणं, परीक्षा सोडून धावत जाणं, शब्दाविना ओळखणं हे सगळं मित्राच्या वाट्याला येतं. नायिका अधूनमधून लाजायला येते. शिवाय पडद्यावर मैत्रीची आणि प्रेमाची खूण एकच असते. चेहरा जवळून दाखवायचा, नजर दोन क्षण जास्त थांबवायची, मागं संथ संगीत. बघणाऱ्याला दोन्ही अर्थ लागतात, आणि तो काही मूर्खपणा नव्हे.

अशा वाचनाला इतिहासही आहे. अमेरिकी चित्रपटांवर 1934 पासून 1968 पर्यंत एका आचारसंहितेचा अंमल होता, तिच्यात समलिंगी प्रेम उघड दाखवायला मनाई होती. ज्यांना ते दाखवायचं होतं त्यांनी सूचकपणे दाखवलं, आणि प्रेक्षक सूचक गोष्टी शोधायला शिकले. पुढं कधी हा शोध बरोबर ठरला, कधी चुकला. ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका डिसेंबर 2014 मध्ये संपली तेव्हा दोन मैत्रिणी हातात हात घालून निघून जाताना दिसल्या, आणि काही दिवसांतच निर्मात्यांनी सांगितलं की होय, त्यांचं प्रेमच आहे. उलट ‘शेरलॉक’ या मालिकेच्या चाहत्यांतल्या एका गटानं शेरलॉक आणि त्याचा मित्र वॉटसन यांच्या लपलेल्या प्रेमाचे वर्षानुवर्षं पुरावे जमवले. जानेवारी 2017 मधल्या शेवटच्या भागात काहीच झालं नाही, तेव्हा अजून एक गुप्त भाग येणार आहे अशी त्यांची खात्री होती. तो आला नाही.

मुलीशी बोलताना हीच दोन उदाहरणं उपयोगी पडली. तिला दोन्ही माहीत होती, आमच्यापेक्षा तपशिलानं. ‘तुला कळतं तेवढं आम्हाला कळत नाही, सांग’ या जागेवरून बोलणं सुरू झालं की पोरं मोकळी होतात. तिनं स्वतःच वही उघडली. भाग क्रमांक, मिनिट, सेकंद, कोण कुणाकडं किती वेळ बघतो, सगळं शिस्तीत. एवढी चिकाटी अभ्यासात का नाही, हे वाक्य अशा वेळी गिळून टाकायचं असतं.

वहीच्या मागच्या बाजूनं मात्र दुसरंच सुरू झालं होतं. तिथं तिच्या जिवलग मैत्रिणीचं नाव होतं. पहिलीपासून दोघी एका बाकावर. दहावीनंतर मैत्रीण सायन्सला बेळगावात गेली, आत्याकडं राहू लागली, कन्नड बोलणाऱ्या नव्या मैत्रिणी झाल्या. वहीत नोंदी होत्या: पूर्वी मेसेजला दोन मिनिटांत उत्तर, आता तीन तास. फोटो बघितला, लाईक नाही. दिवाळीत भेटली तेव्हा मिठी मारली आणि पटकन सोडली. खाली निष्कर्ष: ‘ती लपवते आहे. टाळते म्हणजे तिलाही तसंच वाटतं.’

घोटाळा झाला होता तो इथं. कथेतले संकेत कुणीतरी मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून ते शोधण्यात अर्थ असतो. जित्याजागत्या मैत्रिणीच्या उशिरा आलेल्या उत्तराला लेखक नसतो. त्या उशिरामागं क्लास असेल, संपलेला डेटा असेल, आत्याची कटकट असेल. आणि मुलीची थिअरी अशी बेतलेली होती की ती कधी खोटी पडणारच नाही. मैत्रीण जवळ आली तर प्रेम, लांब गेली तर लपवलेलं प्रेम.

तिला एकच प्रश्न दिला, घरी नेऊन विचार करायला: काय घडलं तर तू ही थिअरी सोडशील? आठवड्यानं आली तेव्हा म्हणाली, “काहीच सुचंना.” स्वतःच हसली, मग डोळे भरले. म्हणजे तिला पुरावा नको होता, मैत्रीण हवी होती.

त्यानंतर वहीच्या पानावर तीन रकाने आखले: काय दिसलं, मी काय लावलं, दुसरा कोणता अर्थ निघतो. नियम तीन. पहिल्या रकान्यात कॅमेऱ्याला टिपता येईल तेवढंच लिहायचं. ‘तुटक बोलली’ नाही, ‘हूं एवढंच लिहिलं’ असं. तिसऱ्या रकान्यात निदान दोन अर्थ हवेत, आणि त्यातला एक आपल्याशी अजिबात संबंध नसलेला. दिवसाला तीनच नोंदी, दहा मिनिटांत. जास्त दिल्या की हा सरावच नवा चाळा होतो, पुन्हा मोजदाद सुरू होते. आधी चार दिवस कथेतल्या मित्रांवर करायचा, मग स्वतःच्या मैत्रिणीवर. हा क्रम उलटा केला की पोरं पहिल्याच नोंदीला रडतात आणि वही मिटून ठेवतात.

मग विचारायचं कसं. तिनं लिहून आणलेला पहिला मेसेज होता, ‘तू माझ्यापासून काय लपवतेस?’ असा प्रश्न आला की समोरची व्यक्ती आधी स्वतःचा बचाव करते, मग उत्तर देते किंवा देतच नाही. दोन बैठकांत तो बदलत बदलत असा झाला: ‘तू गेल्यापासून मला करमत नाही गे. रविवारी येऊ का बेळगावला? नाही जमलं तर पुढच्या रविवारी.’ यात स्वतःबद्दल एक खरं वाक्य, एक ठरावीक विनंती आणि नकाराला जागा आहे. भेट एक-दीड तासाची, बाहेर, परतीची बस आधीच बघून. बसभाड्याचा प्रश्न नव्हता. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं शून्य तिकीट आहे.

भेट झाली तेव्हा खरं कारण कळलं. मैत्रिणीला सगळे विषय इंग्रजीत जड जात होते. मराठी शाळेत पहिली येणारी पोरगी, पहिल्याच चाचणीत नापास झाली होती, आणि जिला आपण हुशार वाटतो तिलाच ते सांगायची लाज वाटत होती. पाच ते आठ ट्यूशन, फोन आत्याच्या कपाटात.

यानं मुलीच्या मनातला प्रश्न संपला असं नाही. “मला तिच्याबद्दल काय वाटतं ते अजून कळंना,” असं ती म्हणाली. त्याला नाव द्यायची घाई केली नाही, करूही नये. सोळाव्या वर्षी जिवलग मैत्रीण दुरावण्याचं दुःख आणि पहिलं प्रेम यांची कळ सारखीच असू शकते. कळेल तेव्हा कळेल, आणि जे कळेल ते ठीक असेल, एवढं तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

आता आई. तिच्या बैठकीत तिलाही तेच तीन रकाने दिले, कारण तिनंही थिअरीच रचली होती. पुरावे: मैत्रिणीच्या घरी मुक्काम, दार लावून बोलणं, स्थळांचा विषय निघाला की उठून जाणं, आणि ही वही. तिसऱ्या रकान्यात लिहायला तिला वेळ लागला. स्थळांच्या ओळीपुढं तिनं शेवटी लिहिलं, ‘तिला शिकायचं आहे.’

तरी ती विचारत राहिली, “पण तशी असली तर?” ही भीती टाळून पुढं जाता येत नाही, म्हणून उत्तर पूर्ण दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवलं. आणि ‘हे बदलून देतो’ म्हणणारे उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलं. कुणी औषधानं, इंजेक्शनानं, अंगाऱ्यानं किंवा घाईच्या लग्नानं ‘ठीक’ करतो म्हणालं तर तिथून पोरीला घेऊन परत यायचं. तुमची मुलगी तशी आहे की नाही, हे आम्हाला कळलं तरी आम्ही सांगणार नाही. ते सांगायचं तर तिनंच.

फोन काढून घेऊ का, हा पुढचा प्रश्न. काढून घेतल्यावर पोरं मैत्रिणीच्या फोनवर दुसरं खातं उघडतात आणि घरी सांगणं बंद होतं. मग काही वाईट घडलं तरी कळत नाही. खरा त्रास होता तो झोपेचा: रात्री दीड वाजेपर्यंत वाचन, सकाळी साडेसहाची बस. साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आईचासुद्धा, असं ठरलं. आईचा फोन तिथं नसेल तर हा नियम चार दिवस टिकत नाही.

काय वाचते यावर वेगळं बोलणं झालं. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’सारख्या फॅनफिकच्या मोठ्या ठिकाणी दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर ती प्रेमकथा, ‘अँड’चं चिन्ह असेल तर मैत्रीची. वयाचा दर्जा वर लिहिलेला असतो. ‘मॅच्युअर’ आणि ‘एक्स्प्लिसिट’ आता टाळायचं, आणि ‘नॉट रेटेड’ही, कारण त्यात काहीही असू शकतं. प्रौढ मजकुरापुढं एक इशारा येतो, पण तो एका क्लिकवर बाजूला होतो, वय कुणी तपासत नाही. शिपवरून ऑनलाइन भांडणं फार विखारी होतात, तेव्हा खरं नाव, कॉलेज, गाव द्यायचं नाही. कुणी मोठा माणूस खासगीत बोलू लागला, फोटो मागू लागला तर स्क्रीनशॉट ठेवायचा, ब्लॉक करायचं, आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 1930 (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) ला फोन. झोप, जेवण, कॉलेज सलग दोन आठवडे सुटलं किंवा मरणाची भाषा आली तर वाट बघायची नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो.

चौथ्या बैठकीला दोघी एकत्र बसल्या. आईनं वही परत न विचारता घेणार नाही असं कबूल केलं आणि मुलीकडं वळून म्हणाली, “त्या दोघांतला तो केस पांढरे असलेला, तो कोण गे?” मुलीनं नाव सांगितलं. मग पंचवीस मिनिटं ती सांगत होती, आणि आई मध्येच म्हणाली, “मला तर ते भाऊभाऊच वाटतात बघ.”

“अगं आई, बाराव्या भागात बघ तू,” मुलगी म्हणाली.