श्वासनलिकेच्या ऑपरेशनआधी आणि नंतर मुलीची काळजी कशी घ्यावी?

तुमच्या तीन वर्षांच्या मुलीची श्वासनलिका स्वरयंत्राच्या खाली अरुंद आहे, म्हणून गळ्यात ट्रेकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत घातलेली, नळी आहे. आता बरगडीची कूर्चा लावून ती जागा रुंद करणार आहेत. मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे, अशी मुलं सांभाळते, त्यावरून सांगते.

आधी सर्जनना एकच विचारा: ऑपरेशन एका टप्प्यात की दोन? पुढची सगळी काळजी त्यावर ठरते. एका टप्प्यात गळ्यातली नळी तेव्हाच काढतात आणि नाकातून घातलेल्या नळीच्या आधारावर काही दिवस आयसीयूत ठेवतात. दोन टप्प्यांत गळ्यातली नळी राहते आणि तिच्या वर बहुधा काही आठवडे स्टेंट, म्हणजे रुंद केलेली जागा धरून ठेवणारा आधार, असतो.

स्टेंट असेल तर हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं: वरचा रस्ता बंद असू शकतो. नळी निसटली किंवा कफाने बुजली, तर नाकातोंडातून श्वास मिळेलच असं नाही. म्हणून त्याच मापाची एक आणि एक माप लहान एक अशा दोन जादा नळ्या आणि कफ ओढून काढणारं, चार्ज केलेलं सक्शन मशीन कायम मुलीजवळ हवं, अगदी दुसऱ्या खोलीत जातानाही. बोलता यावं म्हणून नळीच्या तोंडावर लावायचा, हवा फक्त आत घेऊ देणारा व्हॉल्व्ह मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. वरचा रस्ता बंद असेल तर बाहेर टाकलेल्या हवेला वाट राहत नाही. सक्शन आणि नळी बदलणं घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या, आणि सुट्टी मिळण्याआधी आमच्यासमोर स्वतःच्या हातांनी करा.

आधीच्या तयारीत रिफ्लक्सची औषधं चुकवू नका, कारण पोटातलं आम्ल घशापर्यंत आलं की जखम नीट भरत नाही. गिळण्याची तपासणी झालीय का ते विचारा. सर्दी-ताप असेल तर लगेच कळवा, तारीख पुढे गेली तरी चालेल.

आईवडील सर्वांत जास्त खचतात ते ऑपरेशननंतर आयसीयूत दिलेली झोपेची औषधं कमी करताना. मूल थरथरतं, घामाने भिजतं, जुलाब होतात, रात्रभर डोळा लागत नाही, कधी तर आईकडेही अनोळखी नजरेने बघतं. मेंदूला काही झालं की काय, असं वाटतं. बहुतेक वेळा ते औषध सुटण्याचं लक्षण असतं. आम्हाला लगेच सांगा, डोस सावकाश कमी करता येतो. बरेच दिवस पडून राहिल्याने पायांतलं बळही जातं, मान लटपटते. व्यायामाने ते परत येतं.

आवाज घोगरा राहू शकतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याच्या थेरपिस्टना दाखवा. दुर्बिणीची तपासणी पुन्हा पुन्हा होते, कधी फुग्याने जागा रुंदही करावी लागते. म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही.

घरी आल्यावर श्वास आत घेताना घर्र आवाज आला, बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तडक इमर्जन्सीत न्या.