मारुतीच्या कुठपर्यंत आलं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही तीन दिवस माझ्या टेबलावर आहे. जानेवारीपासून ३१ पुस्तकं, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी आणि शेवटी तारे. अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, ‘काका, मी वाचतेय की नुसती पुस्तकं मोजतेय?’ शंका आली म्हणजे अर्धं उत्तर तुझ्यापाशीच आहे. उरलेलं अर्धं मी लिहितो, पण थोडं आडवळणानं.

मी उभी नोकरी प्रेसमध्ये काढली. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची, दुसरी कुठली विचारायचं नाही. छापून आलेले कागद तपासायचे, शाई फाटली का, ठसा सरकला का, हे बघायचं. किती नोटा नजरेखालून गेल्या असतील देव जाणे. निवृत्तीनंतर एकदा नातीनं शंभराची नोट उलटी धरून विचारलं, ‘आजोबा, या पट्टीत मराठी कुठली?’ त्या पट्टीत १५ भाषांत किंमत लिहिलेली असते. मी झोकात बोट ठेवलं. ती म्हणाली, ‘अहो, ही कोकणी आहे.’ मराठी आठवी, पंधरांत बरोब्बर मधोमध. इतकी वर्षं मी नोट तपासली होती, वाचली कधीच नव्हती. तुझ्या वहीतले तारे बघताना मला माझं ते बोट आठवलं.

आता वहीतलंच एक पान घेऊ. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’खाली तू लिहिलंयस, ‘विस्थापनाचं प्रभावी चित्रण. भाषा अस्सल. साडेचार तारे.’ चूक काहीच नाही. फक्त हे वाक्य उचलून दुसऱ्या दहा कादंबऱ्यांखाली चिकटवलं तरी चालेल. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून तू ती घेतलीस, तेही ठीक. पण धरणात गाव गेल्यावर मागं राहिलेल्या म्हशीसाठी एक माणूस पुन्हा त्या रानात शिरतो, आणि तुझ्या पानावर म्हशीचा उल्लेखसुद्धा नाही!

मी ती वाचली तेव्हा अर्ध्यावर थांबलो. आमचं गाव सिन्नरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी घरची म्हैस घोटीच्या बाजारात नेऊन विकली. रात्री परत आले, हातात नुसतं दावं होतं. कोणाशी काही न बोलता ते त्यांनी दाराआडच्या खुंटीला अडकवलं. पुढं किती वर्षं ते तिथंच होतं. गोठ्यात दुसरं जनावर आलं, त्याला नवं दावं आणलं, पण ते कोणी काढलं नाही. आई भिंत सारवायची तेव्हा ते उचलून धरायची आणि पुन्हा अडकवायची. यातलं काही मला पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. पुस्तकात पन्नासेक पानं गेल्यावर आठवलं. मग पुस्तक मिटून मी गॅलरीत जाऊन बसलो. त्या दिवशी पुढं वाचलं नाही. कादंबरी चांगली की फार चांगली, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

तू सिडकोत वाढलेली, तुझ्याकडे म्हैस कुठून येणार, हे मान्य. माझी म्हैस तुला उसनी देत नाहीये. तुझं काय हललं, तेवढं विचारतोय. काहीच हललं नसेल तर तसं लिही, तेही चालेल.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेक्सचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी त्याचे, आकडे येतात. आकडे खरेच असतात, पण जुना नाशिककर ते ऐकून घेतो आणि विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ गुडघ्यापर्यंत म्हटलं की तो चहा पितो, छातीपर्यंत म्हटलं की सराफ बाजारातल्या मेहुण्याला फोन लावतो. हा मारुती म्हणजे गोदाघाटावरची उंच मूर्ती. तिची उंची त्याला पाठ असते, लहानपणी घाटावर तिथं खेळलेला असतो. तुझ्या वहीत क्युसेक्स भरपूर आहेत. मारुती सापडत नाही.

आणि तो तुझ्याकडे नाही असंही नाही. मागच्या महिन्यात चहाला आली होतीस तेव्हा चौक मंडईजवळच्या त्या शिलाईवाल्या ताईंबद्दल तू सांगितलंस. जुन्या शाळेच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं लिहून ठेवतात, नाव लिहीत नाहीत, ‘हिरवा दुपट्टा’, ‘सातपूरवाली’ असं लिहितात. एखादीचं माप दोन इंचांनी वाढलं की काही न विचारता शिवणीत कापड जास्त सोडतात. हे तू एका दमात सांगितलंस, बिस्कीट चहात पडलं तरी थांबली नाहीस. आणि त्याच आठवड्यात तू बानू मुश्ताक यांच्या कथा वाचत होतीस! कर्नाटकातल्या मुसलमान बायकांच्या कथा, कन्नडमधून दीपा भास्तींनी इंग्रजीत नेलेल्या, ज्यांना २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. त्याखाली तू काय लिहिलंस? ‘एका अपरिचित जगाची ओळख.’ अगं, अपरिचित कसलं? त्या जगातली बाई तुझ्या ड्रेसची मापं घेते. ती वहीत का आली नाही? पुस्तकाखाली फक्त पुस्तकाबद्दलच लिहायचं असतं, असं तुला कोणी सांगितलं?

मला विचारशील तर पान तारखेनं सुरू कर. कुठं वाचलंस ते लिही. सिटीलिंकच्या बसमध्ये, उभ्यानं, त्रिमूर्ती चौकाच्या सिग्नलला. कोणत्या पानावर कंटाळा आला, कोणत्या पानावर उतरायचा स्टॉप चुकला. तारे मात्र एक वर्ष बंद. वर्षाला ५२चा तो संकल्पही सोड, ५२ काय नि २० काय. आवडलं नाही तर अर्ध्यात ठेव, आणि ‘अर्ध्यात ठेवलं’ असं स्वच्छ लिही. यात लाज नाही. लाज कशात आहे ते मला चांगलं माहीत आहे. एका वाचक मंडळात मी एका कादंबरीवर वीस मिनिटं बोललो होतो, वाचली होती निम्मी, बाकी मलपृष्ठावरून. नंतर एका आजींनी शांतपणे विचारलं, ‘शेवटी ती मुलगी घरी जाते ते तुम्हाला पटलं का?’ मी म्हणालो, हो, फार पटलं. ती मुलगी शेवटी मेलेली असते. आजी हसल्या, बाकीचे छताकडे बघू लागले. पुढचे दोन महिने मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

आणखी एक. तुझ्या ३१ पुस्तकांत मागच्या दहा वर्षांबाहेरचं एकही नाही. नवं वाचावंच. पण दलित साहित्यातले कथाकार बाबूराव बागूल विहितगावचे, आमच्या नाशिकरोडला अगदी लागून. जन्म १९३०चा, काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षीचा. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. आजकालच्या एखाद्या पुस्तकाला लोक ‘धाडसी’ म्हणतात, तेव्हा मी मनात तो शेजारी ठेवून बघतो. पुष्कळदा नवं पुस्तक अंग चोरून बसतं. तू एका बैठकीत वाचू नकोस, जमणार नाही. एक कथा, मग दोन दिवस काही नाही.

तो मी तुझ्यासाठी सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणून ठेवलाय. १८४०पासून चालू असलेलं वाचनालय आहे, एका सभासदाच्या उशिरानं बुडणार नाही, पण परत करायची तारीख चुकली तर दंड तू भरायचास. आणि पेन्सिलीनं खुणा करायच्या नाहीत. मी एकदा केल्या होत्या, त्या खोडताना पान फाटलं.

शनिवारी संध्याकाळी ये, वही तेव्हाच देतो. येताना त्या ताईंकडून एक विचारून ये, माझ्या दोन पायजम्यांची नाडीची पट्टी बदलून देतील का? माप लिहायला नाव लागत नाहीच त्यांना. ‘प्रेसवाले आजोबा’ म्हण.

तुझा,
काका