अल्पदृष्टी असताना कॉम्प्युटरखेरीज दुसरी अभियांत्रिकी शाखा घेता येईल का?

चष्मा लावूनही तुमच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६० आहे (म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे तुम्हाला ६ मीटरवरून दिसते), डिचोलीत बारावी विज्ञान शिकत आहात, ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे आणि घरची माणसे मात्र कॉम्प्युटरच घ्या म्हणतात. दुसरी वाट खरोखरच बंद आहे का, असे तुम्ही विचारले आहे. ती बंद नाही. मी स्वतः अल्पदृष्टी आहे, गोव्यातच इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि आज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांमधल्या सर्किटांसाठी प्रोग्रॅम लिहितो. शाखा आवडीनेच निवडावी, पण त्या शाखेतले नेमके कोणते काम करायचे हे ठरवताना डोळ्यांचा विचार करावा, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना आजाराचे नाव आणि तो स्थिर आहे की वाढणारा, हे स्पष्ट विचारा. माझ्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी आहे, कडेचे दिसते. त्यामुळे मी चालतो बिनधास्त, पण वाचताना अडतो. रेटिनायटिस पिगमेंटोझा या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारात बहुधा उलटे घडते: आधी अंधारात दिसेनासे होते, मग कडेची नजर आक्रसत जाते आणि तक्त्यावरची अक्षरे मात्र बराच काळ वाचता येतात. दोघांच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी सारखी असली तरी दोघांना झेपणारे काम वेगळे असते.

पहिल्या वर्षी मला सर्वांत जास्त छळले ते रेझिस्टरने, म्हणजे विजेच्या प्रवाहाला रोध करणाऱ्या भागाने; त्याचे मूल्य रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तो तुकडा आणि त्यावरचे तपकिरी, लाल, नारिंगी पट्टे मला एकसारखेच दिसत. एका प्रात्यक्षिक परीक्षेत मी चुकीचा रेझिस्टर लावला आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहण्याची परवानगी मागितली, तेव्हा परीक्षकांनी ती नाकारली. ते अजूनही मनाला लागून आहे. त्यानंतर मी पट्टे वाचणेच सोडले. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटर या आकडा दाखवणाऱ्या मोजयंत्राने मोजायचा आणि मोठ्या अक्षरांची चिठ्ठी लावलेल्या डबीत टाकायचा, ही सवय लागली आणि माझ्या जोडणीतल्या चुका वर्गात सर्वांत कमी होऊ लागल्या. बारीक सोल्डरिंग मात्र मला आजही जमत नाही, ते सहकारी करतो. ड्रॉइंगच्या कागदावर कठीण शिशाची पेन्सिल मला दिसतच नसे, तर ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रॅमच्या काळ्या पडद्यावर पिवळी रेघ हवी तितकी मोठी करता येते.

सिव्हिलबद्दल मी जरा सावध राहीन. टोटल स्टेशन या जमीन मोजण्याच्या उपकरणावर आकडे पडद्यावर येतात, त्यामुळे मोजमापाची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. पण ६/६० दृष्टीवर वाहन चालवण्याचा परवाना मिळत नाही, आणि गोव्यात संध्याकाळनंतर आडगावातल्या साइटवरून बसने घरी पोहोचणे किती कठीण आहे, हे तुम्हाला सांगायला नको. संरचनेचे आराखडे करणाऱ्या कचेरीतले काम शक्य आहे. मेकॅनिकलमध्येही डिझाइनची बाजू खुली आहे, लेथ या धातू कातण्याच्या फिरत्या यंत्रापाशी उभे राहण्याची नाही.

कॉम्प्युटर शाखा वाईट नाही. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम २००६पासून विकसित होत आला आहे आणि तो मोफत मिळतो. पुण्यात शिकलेले, पूर्ण अंध असलेले टी. व्ही. रामन यांनी १९९४मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तीही गणिती सूत्रे ऐकण्याजोगी करण्याच्या कामावर. केवळ घरच्यांना निर्धास्त वाटावे म्हणून मात्र ती शाखा घेऊ नका.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचे सरकारी ओळखपत्र) यांचे काम आजच सुरू करा, कारण प्रवेश अर्जाच्या आठवड्यात धावपळ करून ते हाती येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. जेईई मेनच्या ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त मिळतो. अर्ज भरताना तशी नोंद करायला विसरू नका.

बारावीच्या परीक्षेनंतर एखाद्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुखांना पत्र लिहा आणि प्रयोगशाळेत अर्धा दिवस बसू देण्याची विनंती करा. जाताना भिंग आणि मोबाइल सोबत ठेवा, एक ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय जोडणी करण्याची भोकांची पाटी) मागून घ्या आणि साधी एलईडी पेटवण्याची जोडणी स्वतःच्या हाताने करून पाहा.